शाँतियीची पागा

पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर शाँतियी नावाचं गाव आहे. स्टेशनवरून रेसकोर्सच्या कडेनं चालत निघालं, की हिरवळीपलीकडे एक लांबच लांब दगडी इमारत दिसते. उंच कमानी, कोरीव शिल्पं, मधोमध घुमट. हाच राजवाडा असणार, असं समजून नवखी मंडळी भराभर फोटो काढू लागतात. राजवाडा अजून पुढे आहे. ही घोड्यांची पागा!

ती बांधली लुई-आँरी द बूर्बाँ या सरदारानं. काँदे घराण्याचा हा वारस पुढे १७२३ ते १७२६ या काळात पंधराव्या लुईचा पंतप्रधान होता. जॉन लॉ या अर्थतज्ज्ञाच्या मिसिसिपी कंपनीच्या शेअर्सच्या सट्ट्यात फ्रान्समधले हजारो लोक धुळीला मिळाले. या गृहस्थानं मात्र वेळेवर हात धुऊन घेतले आणि तो पैसा दगडात ओतला. १७१९ मध्ये काम सुरू झालं, ते १७३५ पर्यंत चाललं. पुढच्या जन्मी आपण घोडा होणार, अशी त्याची खात्री होती आणि म्हणून त्यानं आपल्या इतमामाला शोभेल अशी पागा आधीच बांधून ठेवली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिकाच ती. पण इमारत पाहिल्यावर ती खरी वाटू लागते, हेही खरं.

वास्तुशिल्पी होता जाँ ओबेर. त्यानं आराखडा अगदी सरळ ठेवला. मध्ये घुमटाखालचं गोल दालन, त्याच्या दोन्ही अंगांना दोन प्रशस्त लांबट दालनं. एकूण लांबी १८६ मीटर. सोय २४० घोड्यांची, शिवाय शिकारी कुत्र्यांचे कळप वेगळे. घुमट आतून २८ मीटर उंच. त्याखाली कारंजं आणि घोड्यांसाठी पाण्याचं कुंड. बाजूला कमानींनी वेढलेलं, वरून उघडं असं गोल रिंगण. तिथे घोडे फिरवायचे.

एवढी उंची कशाला, असा प्रश्न साहजिक पडतो. मिरवायला, हे एक उत्तर. दुसरं उत्तर कुठल्याही मोतद्दाराला ठाऊक असतं. शेकडो घोडे एका छपराखाली उभे राहिले, की त्यांच्या अंगाची ऊब, श्वासाची वाफ, ओली लीद आणि मूत्र यांनी हवा कोंदते. मुताच्या उग्र दर्पानं घोड्याची छाती बिघडते. छत उंच असलं तर ती गरम हवा वर चढते आणि खाली उभ्या जनावराला मोकळा श्वास घेता येतो. उंचावरच्या मोठ्या खिडक्यांतून उजेड भरपूर येतो, पण गव्हाणीवर मान घातलेल्या घोड्याच्या डोळ्यांवर तिरीप पडत नाही. डामडौल आणि उपयोग इथे एकाच भिंतीत बसवलेत, आणि ओबेरची खरी हुशारी तीच.

अशी हौस एकट्या फ्रान्सची नव्हती. इंग्लंडात डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थला डेव्हनशायरच्या चौथ्या ड्यूकसाठी जेम्स पेननं १७५८ पासून ८० घोड्यांची पागा उभारली: चौसोपी, मध्ये अंगण, दारावर भारदस्त कमान. आता तिथे दुकानं आणि रेस्टॉरंट आहे. यॉर्कशायरमध्ये वेंटवर्थ वुडहाउसची पागा जॉन कारनं बांधली. तिचा धनी रॉकिंगहॅमचा मार्क्विस. जॉर्ज स्टब्सनं ज्याचं पूर्णाकृती चित्र काढलं, तो ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा याच मार्क्विसचा. चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

पण शाँतियीची सर कशालाच नाही, आणि तीसुद्धा अपुरी राहिलेली! लुई-आँरी १७४० मध्ये वारला आणि उरलेलं काम थांबलं. पागेशेजारचा साँ-देनी दरवाजा आजही अर्धवट दिसतो. पलीकडे जोडीला उभी राहायची ती इमारत कधी झालीच नाही.

मग राज्यक्रांती आली. काँदे घराणं परागंदा झालं. माणसांसाठी बांधलेला मोठा वाडा पाडून त्याचे दगडधोंडे विकले गेले. पागा वाचली, कारण घोडदळाला ती हवी होती. आज दिसतो तो मोठा वाडा नंतरचा मालक असलेल्या ओमालच्या ड्यूकनं १८७५ ते १८८५ च्या दरम्यान नव्यानं बांधवून घेतलेला, म्हणजे पागेपेक्षा तब्बल दीडशे वर्षांनी धाकटा. दरम्यान १८३४ मध्ये पागेसमोरच्या हिरवळीवर शर्यती सुरू झाल्या. त्या अजून चालू आहेत. १९८५ च्या ‘अ व्ह्यू टू अ किल’ या जेम्स बाँडपटात हीच पागा खलनायकाची म्हणून दाखवली आहे.

१९८२ मध्ये इव्ह बिएनेमे या अश्वशिक्षकानं इथे घोड्याचं संग्रहालय सुरू केलं. २०१३ मध्ये ते नव्यानं मांडून पुन्हा खुलं झालं. जिवंत घोडेही इथे आहेत आणि घुमटाखाली त्यांचे खेळ होतात. तेव्हा पॅरिसला जाणाऱ्यांनी एक दिवस राखून ठेवावा. गार द्यू नॉर स्टेशनवरून गाडीनं जेमतेम अर्धा तास लागतो; आणि राजवाड्याला वेळ कमी पडला तरी चालेल, पागा मात्र सावकाश पाहावी.