गडाचें पाणी

किल्ला म्हटला कीं प्रवाशाच्या डोळ्यांसमोर तट, बुरूज आणि दरवाजे उभे राहतात. वास्तविक पाहतां डोंगरी किल्ल्याचें आयुष्य त्याच्या पाण्यावर अवलंबून असे. पुण्यांतील चौघे मित्र एका रविवारीं राजगड पाहण्यास गेले, तेव्हां हें सत्य त्यांस तहानेनें शिकविलें.

फाल्गुन सरत आला होता. पहांटे निघून चौघेजण गुंजवणे गांवीं पोहोंचले व चोरदरवाजाची वाट चढूं लागले. राजगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ४५०० फूट आहे. अखेरचा अवघड चढ संपवून दरवाजांतून आंत शिरतांच पद्मावती तलाव दृष्टीस पडतो. सुमारें २५ वर्षें शिवाजीमहाराजांची राजधानी या गडावर होती. १६५९ मध्यें सईबाईसाहेबांनीं येथेंच देह ठेवला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले, तरी हा गड महाराजांनीं आपणांकडे राखला. आणि १६६६ मध्यें आग्र्याहून सुटून ते परतले, तेही येथेंच.

मंडळींपैकीं एकजण स्थापत्यशास्त्र शिकलेला होता. “अरे, नुसता तट काय पाहतां? तटाचा दगड आला कोठून, तें पाहा,” असें म्हणून त्यानें खडकांत खोदलेलें एक टाकें दाखविलें. फोडलेला काळा पाषाण बांधकामास लावावयाचा आणि उरलेल्या पोकळींत पावसाचें पाणी सांठवावयाचें, अशी ही दुहेरी सोय. चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने कोरडा वारा, अशा मुलखांत दुसरा उपाय तरी कोणता?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गड बांधण्यापूर्वीं तेथील पाणी पाहावें असें सांगितलें आहे. पाणी नसेल आणि ती जागा तर बांधणें प्राप्तच असेल, तर आधीं खडक फोडून टाकीं-तळीं करावीं. एकाच झऱ्यावर विसंबूं नये. कारण लढाईंत तोफांच्या दणक्यानें झरे आटतात. म्हणून दोन-चार टाकीं राखून ठेवावीं, त्यांतील पाणी एरवीं खर्चूं नये आणि गडाचें पाणी फार जपावें, असा त्यांचा कटाक्ष आहे.

दोन प्रहरीं मंडळी बालेकिल्ल्यावर चढली, तोंच बरोबरचें पाणी संपलें. चौघांपैकीं एकास उन्हानें घेरी आली. त्यास सांवलींत बसवून दोघे जवळच्या टाक्याकडे धांवले. टाक्यांत पाणी होतें. परंतु त्यावर प्लास्टिकच्या बाटल्या आणि खाऊच्या पिशव्या तरंगत होत्या. ओंजळ भरण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. ओल्या रुमालानें मित्राचें कपाळ पुसून, त्यास हातांनीं सांवरीत, ते पद्मावती माचीवर उतरले. संजीवनी माची पाहण्याचा बेत अर्थातच सोडावा लागला.

माचीवर एक बाई ताक विकीत बसली होती. तो हंडा तिनें पायथ्यापासून डोक्यावर आणलेला होता. दोन पेले ताक पोटांत गेल्यावर आजाऱ्यास हुशारी आली. “मावशी, वरच्या टाक्याचें पाणी कोणी पीत नाहीं काय?” असें एकानें विचारलें. ती म्हणाली, “माझी सासू तेच पानी प्यायची, दादा. आता भांडी घासायलाबी नको वाटतं.”

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. राजगड त्यांपैकीं एक. हा गौरव आनंदाचा खरा; पण वारसा म्हणजे केवळ दगडी भिंती नव्हेत. शत्रूच्या तोफांनीं पाणी आटेल, ही चिंता अमात्यांनीं वाहिली. भक्तीनें गड पाहण्यास येणाऱ्यांच्याच हातून तें नासेल, ही शंका त्यांच्या मनास कोठून शिवावी?

परततांना स्थापत्यशास्त्रज्ञ मित्र पुन्हां एकटाच बालेकिल्ल्यावर गेला. तो खालीं आला, तेव्हां टाक्यांतून काढलेल्या बाटल्यांनीं त्याची पिशवी भरली होती. त्याची थट्टा कोणींच केली नाहीं. गुंजवण्यापर्यंत ती पिशवी चौघांनीं पाळीपाळीनें वाहिली.