त्वचा देते पाण्याची सूचना

अतिसार झालेल्या बालकाच्या पोटावरील त्वचा चिमटीत धरून सोडावी. ती सावकाश पूर्ववत झाली, तर शरीरातील पाणी घटले असे समजावे. २ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास बालकास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेल चोळून ही उणीव भरून निघत नाही. जुलाबात पाणी तोडणे तर घातकच.

१९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज व क्षारांचे द्रावण पाजून असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले. तेच तत्त्व आज ‘ओआरएस’च्या पुडीत आहे. पुडीवर छापलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी, द्रावण घोटघोट पाजावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. स्तनपान चालूच ठेवावे.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही चिमटीची परीक्षा प्रत्येक मातेस शिकवावी.