ट्रकचं चाक बदलताना

वाळूज औद्योगिक वसाहतीतून मालाने भरलेले ट्रक रात्रंदिवस बाहेर पडतात. चालकबंधूंनो, वाटेत टायर पंक्चर झाला, तर घाई करू नका. गाडी सपाट, टणक जागी घ्या आणि बाकीच्या चाकांना ठोकळे लावा. लॉक रिंगचं चाक असेल, तर नटांना हात लावण्याआधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाकं असतील तर दोन्हींची. या टायरांत 100 पौंडांहून जास्त हवा असते. त्या दाबाने उडालेली रिंग जीव घेते. मग नट सैल करा, नंतरच जॅक चढवा. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, लांब नळी वापरा, समोर उभे राहू नका. नट समोरासमोरचे आवळा आणि साधारण 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. माल उशिरा पोहोचला तरी चालेल, तुम्ही सुखरूप घरी पोहोचा.