जुनाट ओटीपोटदुखी आणि घरची तेलाची वाटी
(महिला शाखेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या दुखण्याचे नाव चारचौघांत घेण्याची आपल्याकडे रीत नाही, त्याविषयी बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांला केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत.

आमच्या माहेरी माजघराच्या कोनाड्यात तिळेलाची एक पितळी बुधली असे. रात्री निजानीज झाली की आमच्या काकू दार लोटून घेत आणि ओटीपोटाला तेल चोळून शेक घेत. आम्हां मुलींना ती त्यांची सवयच वाटे. बारा वर्षांनी त्यांची तपासणी झाली, तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार निघाला. यालाच एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. तेलाने काकूंना झोप दिली, हे खरे. परंतु तेल लावले की भागते, या समजुतीने घरातील कोणीच त्यांना काही विचारले नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून तेलाचा उपयोग कोठवर, हे आधी पाहू. आयुर्वेदाने ओटीपोट हे अपान वायूचे स्थान मानले व तेल वातशामक सांगितले. आधुनिक शास्त्र ऊब आणि चोळणे यांचे महत्त्व मानते. उबेने आखडलेले स्नायू सैलावतात. त्वचेवरील स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट काही अंशी अडवितात, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. मात्र पोटावर चोळलेल्या तेलाने आतली गाठ विरघळत नाही.

आता कृती. दोन चमचे तिळेल वाटीत घ्यावे व ती वाटी गरम पाण्यात ठेवावी. विस्तवावर ठेवू नये. मनगटाच्या आतल्या बाजूस थेंब टाकून ऊब पाहावी. गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणे निजावे आणि बेंबीखाली, कमरेवर व मांड्यांच्या वरच्या भागावर हलक्या हाताने दहा मिनिटे तेल जिरवावे. नंतर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेकावे. कढत शेक रोज घेतल्याने कातडीवर जाळीदार काळसर डाग पडतात. तसे दिसताच शेक थांबवावा. लव्हेंडरसारखे सुगंधी तेल आवडत असल्यास एवढ्या तिळेलात दोन-तीन थेंब पुरेत. ते निव्वळ लावल्यास त्वचेची आग होऊ शकते. नीलगिरीचे तेल पोटात जाणे विषारी असते, म्हणून बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. कोणतेही तेल योनिमार्गात घालू नये. एरंडेल पिण्याने आतड्यांचे व गर्भाशयाचेही आकुंचन होते. गर्भवतीने ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना मुळीच घेऊ नये.

दुखणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, तर ते जुनाट समजतात. त्यामागे गर्भाशयातील गाठी, जंतुसंसर्ग, जननेंद्रियांचा क्षयरोग, मूत्राशयाचा वा आतड्यांचा विकार यांपैकी काहीही असू शकते. पुरुषांतही प्रोस्टेट ग्रंथीच्या विकाराने असेच दुखते. तेही बोलत नाहीत. ताप, दुर्गंधियुक्त स्राव, पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव, लघवीत वा शौचात रक्त यांपैकी काही दिसल्यास तेल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. पाळी चुकून एकाएकी असह्य कळ आली, तर क्षणाचाही विलंब लावू नये; गर्भ नळीत राहिला असल्यास जिवावर बेतते.

भगिनींनो, "बाईच्या जातीला सोसावेच लागते," असे आपण लेकीसुनांना सांगत आलो. यापुढे सूनबाई तेलाची वाटी मागेल, तेव्हा वाटी द्यावी, पाठीवर हात ठेवावा आणि विचारावे, "किती दिवस दुखते आहे, बाळ?" दुखण्याचे दिवस दिनदर्शिकेवर तिला खुणावयास सांगावे व ती दिनदर्शिका घेऊन तिच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. काकूंना कोणी तसे विचारले असते, तर त्यांची बारा वर्षे वाचली असती.