थेरेसा मे : एका पंतप्रधानबाईंचा हिशेब

(अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ब्रेक्झिटच्या काळात ब्रिटनच्या पंतप्रधान असलेल्या थेरेसा मे यांच्या नेतृत्वाचं मोजमाप कसं करायचं, हा आजचा विषय. इतक्या लांबच्या देशातल्या हुजूर पक्षाच्या बाईशी आपला काय संबंध, असं कुणाच्याही मनात येईल. संबंध दोन आहेत. सत्तेच्या खुर्चीवर बाई बसली की तिच्याकडे कसं बघायचं, हा प्रश्न आपल्याला प्रत्येक वेळी अडचणीत टाकतो. आणि मे यांनी गृहमंत्री असताना केलेले नियम आपल्याकडून लग्न करून किंवा घरकामासाठी तिकडे गेलेल्या बायकांच्या आयुष्याला थेट जाऊन भिडले आहेत.

अशा बाईबद्दल बोलताना दोन सोप्या वाटा असतात. एक, 'बाईच ती, तिला काय झेपणार?' दुसरी, 'बाई आहे ना, मग सांभाळून घ्या.' दोन्ही वाटांनी गेलं तर तिनं केलं काय, हे बघायचं राहूनच जातं. म्हणून मी तीन साधे प्रश्न घेते. तिच्या हाती काय आलं? तिनं त्याचं काय केलं? किंमत कुणी मोजली? आणि मग चौथा : तिच्या जागी दुसरं कोण होतं?

हाती काय आलं?

२३ जून २०१६ रोजी सार्वमत झालं. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूनं ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूनं ४८.१ टक्के. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडनं राहण्याचा कौल दिला होता. मतपत्रिकेवर राहायचं की बाहेर पडायचं एवढंच होतं. बाहेर पडायचं तर कसं, व्यापाराचं काय, आयर्लंडच्या सीमेचं काय, याबद्दल अक्षर नव्हतं. सार्वमत घेणारे डेव्हिड कॅमेरॉन दुसऱ्याच दिवशी राजीनामा जाहीर करून मोकळे झाले. बाहेर पडा म्हणणाऱ्यांचे म्होरके बोरिस जॉन्सन. त्यांचे साथीदार मायकेल गोव्ह ऐन वेळी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा जॉन्सन यांनीही माघार घेतली. पसारा मांडणारे बाजूला झाले आणि आवरायला बाई पुढे आली. हे चित्र आपण घरोघरी बघतो.

मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम या अभ्यासकांनी २००५ मध्ये या प्रकाराला 'काचेचा कडा' असं नाव दिलं. संस्था संकटात आली, पडण्याची शक्यता वाढली, की बाईला वर चढवलं जातं. मे यांना हे लागू पडतं, पण अर्धंच. त्यांना कुणी ओढून आणलेलं नव्हतं. सहा वर्षं गृहमंत्रिपद सांभाळलेली ती मुरलेली राजकारणी होती. सार्वमतात स्वतः राहण्याच्या बाजूला असूनही, 'ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट' म्हणत त्यांनी ती खुर्ची मागून घेतली. बाईला महत्त्वाकांक्षा असते हे मान्य करणं, हाही तिला माणूस मानण्याचाच भाग आहे.

बाई म्हणून जे वाट्याला यायचं ते आलंच. २०१६ च्या निवडीत त्यांच्या प्रतिस्पर्धी अँड्रिया लेडसम यांनी, आपण आई असल्यामुळे देशाच्या भविष्याशी आपलं नातं अधिक जवळचं आहे अशा अर्थाचं विधान केलं. मे यांना मूल नव्हतं. लेडसम यांना माफी मागावी लागली आणि दोनच दिवसांत त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. मार्च २०१७ मध्ये मे आणि स्कॉटलंडच्या नेत्या निकोला स्टर्जन भेटल्या. देशाच्या फाळणीचा प्रश्न समोर होता, आणि 'डेली मेल'नं पहिल्या पानावर चर्चा केली ती दोघींच्या पायांची. याचा निषेध करायचाच. पण हा अपमान झाला म्हणून त्यांच्या धोरणांचा जाब विचारायचा नाही, असं मात्र होत नाही.

तिनं काय केलं?

माझ्या मते त्यांच्या हातून झालेली मुख्य चूक अगदी सुरुवातीची आहे. देश जवळजवळ निम्मा निम्मा फाटलेला होता. अशा वेळी विरोधी पक्ष, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड सगळ्यांना बसवून, बाहेर पडायचं तर कुठवर, हे आधी ठरवायला हवं होतं. मे यांनी ते ठरवलं मूठभर सल्लागारांत. जानेवारी २०१७ च्या भाषणात त्यांनी सांगून टाकलं : एकसंध बाजारपेठ सोडणार, जकात संघात पूर्ण सभासद राहणार नाही, युरोपीय न्यायालयाचा अधिकार मानणार नाही. स्वतःभोवती लाल रेघा आखून त्या मोकळ्या झाल्या. पुढची दोन वर्षं त्या रेघांनीच त्यांना कोंडलं.

संसदेला न विचारता बाहेर पडण्याची नोटीस द्यायचा त्यांचा बेत होता. ब्रिटिश गयानात जन्मलेल्या जीना मिलर कोर्टात गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला : संसदेला विचारावंच लागेल. त्यासाठी मिलर यांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या सोसाव्या लागल्या. पायांची चर्चा आणि या धमक्या ही एकाच झाडाची फळं आहेत.

२९ मार्च २०१७ रोजी नोटीस गेली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. लगेच पुढच्या महिन्यात मे यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. त्यांच्या जाहीरनाम्यात घरीच काळजी घेतल्या जाणाऱ्या वृद्धांच्या खर्चासाठी त्यांच्या राहत्या घराची किंमत धरायची सूचना होती. ओरड झाली, चार दिवसांत घूमजाव करावं लागलं. म्हाताऱ्यांची सेवा घरात कोण करतं, हे आपल्याला सांगायला नको. ८ जूनला हुजूर पक्षाला ३१७ जागा मिळाल्या, बहुमत गेलं.

मग सरकार टिकवायला उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या १० खासदारांचा टेकू घेतला. त्या प्रांतासाठी सुमारे १०० कोटी पौंड द्यायचं ठरलं. हा पक्ष गर्भपाताच्या हक्काचा कट्टर विरोधक. तिथं तेव्हा १८६१ चा कायदा चालू होता आणि बायकांना समुद्र ओलांडून इंग्लंडला जावं लागे, तेही पदरचे पैसे खर्चून. स्टेला क्रीझी या मजूर पक्षाच्या खासदारांनी सर्व पक्षांतल्या खासदारांचा पाठिंबा गोळा केला, तेव्हा कुठे सरकारनं हा खर्च उचलायचं कबूल केलं. पंतप्रधान बाई होती म्हणून हे झालं नाही. रेटा लावला म्हणून झालं.

आता न्यायाची बाजू. आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न मे यांनी झटकून टाकला नाही. १९९८ च्या शांतता कराराच्या वाटाघाटींत 'नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअॅलिशन' या १९९६ मध्ये उभ्या राहिलेल्या बायकांच्या पक्षानं वाटा उचलला होता. त्या करारानंतर सीमेवरचे लष्करी पहारे गेले होते. ते नाके पुन्हा येऊ नयेत म्हणून मे यांनी करारात हमीचं कलम मान्य केलं, आणि त्याच कलमावरून स्वपक्षातले कडवे उलटले.

१५ जानेवारी २०१९ रोजी त्यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. आधुनिक ब्रिटनमध्ये कुठल्याही सरकारचा इतका मोठा पराभव झालेला नव्हता. मार्चमध्ये दोनदा पुन्हा हार. मध्येच दूरदर्शनवरून त्यांनी जनतेला सांगितलं की दोष खासदारांचा आहे. विरोधी पक्षनेत्याशी गंभीरपणे बोलायला त्या बसल्या त्या एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे सार्वमतानंतर जवळजवळ तीन वर्षांनी. चिकाटी हा गुण खरा. पण बंद दारावर तेच डोकं पुन्हा पुन्हा आपटणं म्हणजे नेतृत्व नव्हे.

किंमत कुणी मोजली?

गृहमंत्री म्हणून मे यांच्या खात्यावर एक जमेची बाजू आहे. नवऱ्यानं किंवा जोडीदारानं सतत धाकात ठेवणं, पैसे, फोन, येणंजाणं यांवर ताबा ठेवणं, हा २०१५ च्या कायद्यानं गुन्हा झाला. पण घरात धाक घालणारा नवरा गुन्हेगार ठरवणाऱ्या याच खात्यानं परकीय बाईच्या बाबतीत काय केलं?

एप्रिल २०१२ मध्ये परदेशी घरकामगारांचा व्हिसा मालकाला बांधून टाकला. त्याआधी छळ झाला तर बाईला दुसरं घर धरता येई. आता दाराबाहेर पाऊल टाकलं की ती बेकायदेशीर. गुलामगिरीविरुद्धचा कायदा २०१५ मध्ये झाला, त्यातही हा हक्क परत द्यायला सरकारनं नकार दिला. त्यातला थोडासाच भाग २०१६ मध्ये परत मिळाला. जुलै २०१२ मध्ये बाहेरचा जोडीदार आणायचा तर वर्षाला किमान १८,६०० पौंडांची कमाई हवी, असा नियम आला. ज्यांची मिळकत मुळातच कमी, त्यांना हा अधिक जाचणार, म्हणजे बायकांना. लग्न करून आलेल्या बाईला कायमच्या वास्तव्यासाठी पूर्वी दोन वर्षं थांबावं लागे, ती पाच झाली. छळ सिद्ध केला तर सवलत होती, पण भाषा येत नाही, पैसा नाही, कागद नवऱ्याच्या कपाटात, अशा बाईनं सिद्ध कसं करायचं? १९७९ पासून काम करणाऱ्या 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स'सारख्या संघटना हेच ओरडून सांगत आल्या आहेत.

पॉलेट विल्सन यांचं नाव लक्षात ठेवा. १९६८ मध्ये लहान पोर म्हणून त्या जमैकाहून आल्या. एके काळी त्यांनी पार्लमेंटमध्ये स्वयंपाकाचं काम केलं. २०१७ मध्ये, मे पंतप्रधान असताना, कागदपत्रं नाहीत म्हणून त्यांना स्थलांतरितांच्या कोठडीत टाकलं गेलं. खासदारांना जेवू घालणारी बाई देशाला परकी ठरली. ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत बाहेरच्यांची ये-जा बंद करण्याचा हट्ट मे यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, त्याचं मूळ या गृहखात्यात आहे.

मग दुसरं कोण?

२४ मे २०१९ रोजी मे यांनी राजीनामा जाहीर केला. जागेसाठी दहा उमेदवार. त्यांत बाया दोन, लेडसम आणि एस्थर मॅकव्ही. दोघी पहिल्याच फेरीत गळल्या. शेवटची निवड केली फक्त हुजूर पक्षाच्या सभासदांनी. बोरिस जॉन्सन ९२,१५३, जेरेमी हंट ४६,६५६. एवढ्या माणसांनी साऱ्या देशाचा पंतप्रधान ठरवला.

बुरखा घेणाऱ्या बायकांना टपालपेटीची उपमा देणारे हेच जॉन्सन. मे यांच्या कराराविरुद्ध त्यांनी दोनदा मत दिलं, आणि मे जाणार हे ठरल्यावर तिसऱ्यांदा त्याच कराराच्या बाजूनं. पुढे त्यांनी आणलेला करार बराचसा मे यांचाच होता. बदल होता तो मुख्यतः आयर्लंडबाबत. त्यांनी संसद स्थगित केली. ती बेकायदा असल्याचा अकरा न्यायाधीशांचा एकमुखी निकाल लेडी हेल यांनी वाचून दाखवला. तरी डिसेंबर २०१९ मध्ये जॉन्सन ३६५ जागा घेऊन आले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडलं. मे यांच्यात जे 'ताठर' म्हणून खुपलं, ते जॉन्सन यांच्यात 'खंबीर' म्हणून खपलं.

आणि बाई बदलून बाई आली तर? २०२२ मध्ये लिझ ट्रस आल्या, ४९ दिवस टिकल्या. श्रीमंतांना करसवलत देणारं अंदाजपत्रक आणून त्यांनी बाजार कोसळवला. घराच्या हप्त्यांचा बोजा सामान्य कुटुंबांवर आला.

मला इतकंच दिसतं की २०१९ मध्ये प्रश्न व्यक्ती बदलण्याचा नव्हता. संसदेत कुठल्याच पर्यायाला बहुमत नव्हतं. १ एप्रिलला जकात संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी पडला. त्या तीन मतांसाठी कुणी कुणाशी कधी बोललं होतं का, हे विचारायला हवं होतं. त्याऐवजी चर्चा चालली, पुढचा पंतप्रधान कोण.

मे यांना मी असं मोजते : कड्यावर ढकललेली, तिथं हिंमतीनं उभी राहिलेली, पण बरोबर कुणाला घ्यायचं हे शेवटपर्यंत न उमगलेली बाई. आणि ज्यांच्यामागे कुणी नव्हतं, त्यांना तिनं स्वतःच्या हातानं कड्याशी नेऊन उभं केलं. पुढच्या वेळी कुठल्याही पदावर बाई बसली, ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत, तर तिचा पोशाख, तिची मुलं, तिचा आवाज बाजूला ठेवा. ती कुणाला विचारून ठरवते आणि तिच्या निर्णयाची झळ सगळ्यांत खालच्या बाईला कशी लागते, एवढं बघा. पुरुष बसला तरी हेच बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.