वाढप पोरांच्या हाती द्या



शताब्दीनिमित्त गावात तरुणांसाठी संस्कार वर्ग काढावा, असा ठराव आला आहे. ठरावाला माझा हात वर आहे. पण रविवारी तासभर पोरांना देवळात बसवायचं, हरिपाठ म्हणून घ्यायचा, व्यसन वाईट म्हणून सांगायचं आणि प्रसाद देऊन घरी धाडायचं, एवढ्यानं पोर घडत नाही. ते मान डोलावतं आणि पानटपरीवर जातं.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. अभ्यास चार वर्षांचा. ज्ञानेश्वरी, गाथा हे तर होतंच, पण विद्यार्थी माधुकरी मागून जेवायचे. परक्या दारात झोळी पुढं केली की अंगातला ताठा आपोआप उतरतो. आणि जी माय रोज भाकरी घालते, तिला त्या पोराला चार शब्द सुनावायचा हक्कही येतो. कुठं होतास, पाठ झाला का, ती विचारणारच!

कर्मवीर भाऊराव पाटलांची वाट वेगळी, पण रीत हीच. १९१९ मध्ये त्यांनी काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. गावोगाव पाणवठे वेगळे होते तो काळ. तिथं सगळ्या जातिधर्मांची पोरं एका चुलीवर रांधायची, एका पंगतीत जेवायची. काम पोरांनीच करायचं. धान्याची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. समतेवरचं व्याख्यान पोर विसरून जाईल. पण ज्याच्यासोबत रोज भाकरी मोडली, त्याची शिवाशिव घरी गेल्यावर पाळायची तरी कशी?

आता आपली दिंडी बघा. शाळा तयारच आहे की! पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागं तुळस घेतलेल्या माऊल्या. रांग मोडायची नाही. लहान-थोर पाहायचं नाही, एकमेकांच्या पाया पडायचं. पण या रांगेत विशीतलं पोर किती? ती वाखरीच्या रिंगणाला मोटारसायकलवर येतात, फोटो काढतात आणि जातात. आपण नावं ठेवतो. मी विचारतो, त्यांना आपण काम कोणतं दिलं? टँकर, ट्रक, राहुट्या, वाढप, सगळं साठीच्या पुढच्यांकडं. भिशीची वही तर कित्येक वर्षं एकाच पिशवीत आहे. (हसू नका, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.)

म्हणून माझं मागणं असं. येत्या आषाढीला भिशीची वही दोन तरुणांकडं द्या, त्यातली एक मुलगी असू द्या. रोज रात्री कीर्तनानंतर त्यांनी जमाखर्च माईकवर वाचायचा. बेरीज चुकली तर चारचौघांत हसायचं नाही, बाजूला घेऊन सांगायचं. पहाटे मुक्काम हलला की पत्रावळ्या उचलून जागा झाडायची, पोरांनी आणि सोबत दोन विश्वस्तांनी. पोरं एकटी झाडायला लागली तर तो संस्कार नव्हे, ती वेठबिगारी झाली. वाढपही त्यांच्याकडंच. शेवटची म्हातारी जेवून उठेपर्यंत वाढप्यानं ताटावर बसायचं नाही, हा नियम आहेच, तो त्यांनाही लागू.

रविवारचा वर्ग वारीनंतर सुरू करू. पहिल्या रविवारी पोरांनी बोलायचं, वाटेत आपलं काय खटकलं ते. आपण ऐकायचं.

वही कुणाकडं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. काल्याचं कीर्तन झालं की ती इथं वीण्यापाशी आणून ठेवावी, एवढी विनंती करतो.