एकात्मिक माहिती प्रणाली आणि आपला लघुउद्योजक



छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वाटचालीत १९८५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांना या परिसरात बळ मिळाले. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि आता बिडकीन असा हा विस्तार आहे. यांतील कित्येक उद्योग एखाददुसरा लेथ, चार कामगार आणि मालकाच्या खिशातील डायरी एवढ्याच आधारावर उभे राहिले. सारा व्यवहार मालकाच्या नजरेसमोर होता, तोवर डायरी पुरत होती. कामगार चाळीस झाले, ग्राहक सहा झाले, की तीच डायरी अपुरी पडू लागते.

मग खरेदीची एक वही, भांडाराची दुसरी, उत्पादनाची तिसरी आणि हिशेबनीसाचा संगणक चौथा, अशी विभागणी होते. पोलादी गज किती शिल्लक आहेत, या साध्या प्रश्नाची चार उत्तरे येतात. हाताशी असावा म्हणून खरेदी विभाग जादा माल मागवतो. उत्पादन विभाग मात्र नेमका हवा तो माल नाही म्हणून यंत्र थांबवतो. दोघेही आपापल्या वहीप्रमाणे बरोबर असतात आणि नुकसान कारखान्याचे होते.

एकात्मिक माहिती प्रणाली, म्हणजेच ईआरपी, या दुखण्यावरचा उपाय आहे. १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या एसएपी या कंपनीने तो जगभर पोहोचवला. त्यामागचे तत्त्व मात्र सोपे आहे. नोंद एकदाच करायची आणि ती सर्वांनी वापरायची. माल फाटकातून आत आला की भांडारातील शिल्लक वाढते, तपासणी विभागाला सूचना जाते, पुरवठादाराचे देणे हिशेबात उभे राहते आणि उत्पादनाच्या नियोजनात तो माल दिसू लागतो. चार माणसांनी चार वेळा लिहायचे काम एका नोंदीत होते.

यातून पैसा कसा वाचतो? एखाद्या कारखान्यात ५० लाखांचा कच्चा माल पडून आहे आणि बँकेचे व्याज १२ टक्के आहे, असे समजा. त्या साठ्यावर वर्षाला ६ लाख रुपये व्याज जाते. शिल्लक अचूक कळल्यामुळे साठा एक चतुर्थांशाने कमी झाला, तर साडेबारा लाखांचे भांडवल मोकळे होते आणि दरवर्षी दीड लाख वाचतात. लहान कारखान्यात एवढी रक्कम दिवाळीचा बोनस वेळेवर देण्यास उपयोगी पडते.

दुसरा लाभ येणे वसुलीचा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे असतात. माल कधी पोहोचला आणि कधी स्वीकारला गेला, याची नोंदच नसेल तर कायदा असूनही हात रिकामे राहतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. बिल, माल आणि विवरणपत्र यांचा मेळ बसला नाही, तर आधी भरलेल्या कराची वजावट अडकते.

तिसरा लाभ प्रतिष्ठेचा आहे. वाहनाचा एखादा भाग सदोष निघाला, तर तो कोणत्या पोलादाचा, कोणत्या पाळीत आणि कोणत्या यंत्रावर झाला, हे कळले पाहिजे. नोंद असेल तर दोनशे नग परत मागवून भागते. नसेल तर महिन्याभराचे उत्पादन संशयाच्या छायेत येते आणि ग्राहक दुरावतो.

तथापि, संगणक बसवला की शिस्त आपोआप येते, हा भ्रम आहे. अमेरिकेतील हर्शी ही चॉकलेटची नामांकित कंपनी. तिने १९९९ मध्ये घाईघाईने, ऐन हंगामाच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू केली. माल तयार असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या तिला वेळेवर पुरवता आल्या नाहीत. एवढ्या बलाढ्य कंपनीची ही गत, तर लघुउद्योजकाने अधिकच सावध राहावे. हंगामाच्या काळात बदल करू नये. आधी भांडाराची प्रत्यक्ष मोजदाद करावी, एका वस्तूला एकच नाव आणि एकच क्रमांक द्यावा, मग भांडार व खरेदीपासून आरंभ करून एकेक विभाग जोडावा. भांडारपालाला आणि पाळीवरच्या पर्यवेक्षकाला पहिल्या दिवसापासून विश्वासात घ्यावे, कारण नोंद तेच करणार आहेत.

यासाठी परदेशी कंपन्यांच्याच दारात जावे लागते असेही नाही. बंगळुरूच्या टॅलीची ओळख सर्वांना आहे. चेन्नईच्या रॅम्कोने या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली तर मुक्तस्रोत आहे; तिला परवाना शुल्क नाही. खर्च येतो तो ती बसवण्याचा आणि माणसे तयार करण्याचा.

तत्त्व म्हणून पाहिले, तर मराठी माणसाला हे नवे नाही. पेशवाईच्या दप्तरात रोजकीर्दीत दिवसाची नोंद होई आणि तिच्यावरून खतावणी तयार होई. नाना फडणीसांच्या काळात त्या दप्तराला करडी शिस्त होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती ढासळली. कागद तेच होते, लिपी तीच होती. गेली ती शिस्त.

आज वाळूज-चिकलठाण्यात अनेक ठिकाणी दुसरी पिढी कारखान्यात पाऊल टाकत आहे. पहिल्या पिढीने कष्टाने मिळवलेले ज्ञान पुष्कळदा तिच्या डोक्यातच आहे. कोणता पुरवठादार भरवशाचा, कोणत्या नगाला खरा खर्च किती, हे वडिलांना तोंडपाठ असते, पण मुलामुलींना वारशात मिळत नाही. ते नोंदीत उतरले, तरच उद्योग एका माणसाच्या आयुष्यापेक्षा अधिक टिकेल. त्यासाठी उद्यापासून कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक मालाची नोंद त्याच दिवशी आणि एकदाच व्हावी, एवढा निश्चय प्रत्येकाने करावा. प्रणाली त्यानंतर निवडता येईल.